खेळण्यातल्या इंजिनाचा धूर

मॉडेल रेल्वेच्या इंजिनातून निघणारा धूर म्हणजे तेलाचे धुके. धुराड्याखाली एक छोटी डबी, तिच्यात नायक्रोमच्या तारेचे वेटोळे, तारेभोवती तंतूंची वात आणि वातीत मुरलेले पातळ खनिज तेल, एवढाच सगळा पसारा. तापलेल्या तारेजवळचे तेल वाफ होऊन वर येते आणि गार हवेत शिरताच त्या वाफेचे सूक्ष्म थेंब होतात. थेंब प्रकाश विखुरतात, म्हणून पांढरा लोट दिसतो. यात काहीच जळत नाही. जळका वास आलाच, तर वात कोरडी पडली असे समजावे.

खऱ्या इंजिनाच्या लोटात कोळशाचा काळा धूर आणि सिलिंडरमधून सुटलेली वाफ एकत्र असतात. बुलढाणा जिल्ह्यातला जळंब–खामगाव हा सुमारे 13 किलोमीटरचा फाटा 1870 साली सुरू झाला, तो मुख्यतः वऱ्हाडातल्या कापसासाठी. अशा मार्गांवरच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा वाफ धुराड्यात फेकली जाई. ‘झुकझुक’ हा आवाज तिचाच. जाता जाता ती वाफ भट्टीतली हवाही ओढून घेई, म्हणून ओझे वाढले की आग आपोआप फुलत असे. डिसेंबरातल्या पहाटे हा लोट दाट पांढरा दिसे, तर मे महिन्याच्या कोरड्या उन्हात पाण्याचे थेंब पाहता पाहता विरून जात. तेलाचे थेंब इतक्या लवकर उडत नाहीत. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात खेळण्यातल्या इंजिनाचा लोट खऱ्यापेक्षा अधिक टिकतो.

अमेरिकेतल्या लायनेल कंपनीने 1946 साली धूर सोडणारी इंजिने बाजारात आणली. दिव्याच्या काचेवर एक खळगा होता, त्यात अमोनियम नायट्रेटची गोळी टाकायची आणि दिव्याच्या उष्णतेने तिचा धूर होऊ द्यायचा. त्या धुराने आतले धातूचे भाग गंजू लागले. पुढच्याच वर्षी दिवा जाऊन तापणारी तार आली आणि गोळीही बदलली.

तेलाच्या धुक्याचे शास्त्र मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पक्के झाले होते. शहरे आणि बंदरे शत्रूच्या विमानांपासून झाकण्यासाठी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्युअर आणि व्हिन्सेंट शेफर यांनी तेलाचे धुके सोडणारे यंत्र तयार केले. थेंबाचा व्यास प्रकाशाच्या तरंगलांबीएवढा, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असला, की कमीत कमी तेलात जास्तीत जास्त झाकण मिळते, हे त्या कामाचे सार. लँगम्युअर नोबेल विजेते, त्यामुळे नाव त्यांचेच घेतले जाते. शेफर यांनी शाळा अर्धवट सोडली होती. ते त्याच कंपनीच्या यंत्रशाळेत उमेदवारी करत वर आले आणि यंत्र हाताने घडवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. 1946 च्या नोव्हेंबरात विमानातून ढगावर शुष्क बर्फ टाकून हिम पाडणारेही तेच. कृत्रिम पावसाची चर्चा दर दुष्काळात होते, त्या चर्चेत हे नाव यायला हवे.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1998 पासून पाहायला मिळते. रूळ, पूल, सिग्नल, सारे काही प्रमाणात लहान करता येते. धूर तसा आटत नाही. एचओ मापात इंजिन 87 पट लहान होते, पण थेंब अर्ध्या मायक्रॉनचाच ठेवावा लागतो. हवेचा चिकटपणाही तोच राहतो, त्यामुळे लहान धुराड्यातला धूर उदबत्तीसारखा बारीक, सरळ रेघेने वर चढतो; खऱ्या इंजिनासारखा गरगरत फुगत नाही. त्याला मागून धक्का द्यावा लागतो. जुन्या इंजिनात हा धक्का चाकाला जोडलेला छोटा दट्ट्या देतो, नव्यात पंखा.

म्हणून धूर कमी झाला की तेल ओतत सुटण्याआधी दट्ट्याकडे पाहावे. डबी आणि दट्ट्याचा सिलिंडर यांच्यामधले छिद्र तेलाच्या राळेने बुजते. ते बारीक तारेने मोकळे करावे. मग वात पाहावी. तारेजवळ ती काळी, कडक झाली असेल तर तिच्यातून तेल चढत नाही; ती बदलून नवी भरावी, पण ठासून नको. तेल थेंबाथेंबाने घालावे. जास्त झाले तर तार बुडते, तेल उकळण्याइतके तापत नाही आणि धुराड्यात बुडबुडा अडकतो. तो नळीने हलकेच फुंकून फोडता येतो.

उरतो प्रश्न उष्णतेचा, आणि ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. रुळावरचा दाब 16 वरून 8 व्होल्टवर आणला की उष्णता चौथाई राहते. हळू चालणारे इंजिन धूर टाकत नाही ते यामुळेच. त्यावर साधा उपाय म्हणजे मागे डबे वाढवणे. ओझे वाढले की तोच वेग राखण्यासाठी ट्रान्सफॉर्मरची मूठ पुढे सरकवावी लागते आणि धूर दाट होतो. दुसरा उपाय रोध कमी करण्याचा. 12 व्होल्टवर 24 ओहमची तार 6 वॉट उष्णता देते, 18 ओहमची 8 वॉट. प्लॅस्टिकच्या बॉडीत ही वाढ धोक्याची असते, ओतीव धातूची बॉडी ती सोसते.

काही जुन्या डब्यांत भरण म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस असे. करड्या-पांढऱ्या तंतूंचा असा गोळा दिसला तर तो कोरडा खरवडू नये, फुंकू तर मुळीच नये. डबी आहे तशी बंद करून पूर्ण नवी बसवावी. तेलाचे थेंबही फुप्फुसात खोलवर जाण्याइतके बारीक असतात, त्यामुळे गाडी चालवताना खिडकी उघडी ठेवावी.