चकलीच्या कढईतली जकात

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात चकलीची भाजणी दळून आली, की आमच्या घरी वादाला तोंड फुटते ते तेलावरून. मोहन किती घालावे याविषयी सर्वांचे एकमत असते. परंतु शेंगदाण्याच्या तेलावाचून केलेले तळण हे तळणच नव्हे असे मानणारी माझी आई, सूर्यफुलाच्या तेलाशी तीस वर्षे एकनिष्ठ राहिलेली माझी पत्नी, आणि दुकानात त्या दिवशी जी पिशवी स्वस्त असेल ती निर्विकार मनाने उचलून आणणारी सूनबाई, या तिघींच्या पसंतीत आपल्या देशाच्या परराष्ट्रव्यापाराचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास उतरला आहे, ही गोष्ट माझ्या ध्यानी यायला निवृत्तीचे वय उजाडावे लागले. जागतिकीकरण म्हटले की मोटारी, मोबाइल आणि मॉल डोळ्यांपुढे येतात. पण ज्या वस्तूच्या रूपाने ते दोन्ही वेळा आपल्या ताटात येते, ती मुकाट्याने कढईत तापत असते.

तसे पाहता ‘तेल’ हा शब्दच मुळी तिळापासून निघालेला; त्यामुळे व्युत्पत्तीच्या दरबारात खरा मान एकट्या तिळाचा. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, सूर्यफूल उत्तर अमेरिकेतले, सोयाबीन चीनकडचे, आणि पामतेलाचे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. डच लोकांनी १८४८ साली त्याची चार रोपे जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पतिउद्यानात लावली, आणि पुढे त्या झाडाने आग्नेय आशियाचे रानच्या रान व्यापले. तेव्हा शेंगदाण्याला घरचा आणि पामतेलाला परका म्हणण्यापूर्वी आमच्या मातोश्रींनी थोडा विचार करायला हवा होता. अर्थात हे त्यांच्यासमोर बोलण्याचे धाडस मी कधी केले नाही.

ज्यांना खुल्या व्यापाराचा सरसकट तिटकारा आहे, त्यांनी १९७२ चा सुमार आठवून पाहावा. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गृहिणी हाती लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा ज्या जिन्नसांच्या टंचाईने आणि महागाईने त्या गांजल्या होत्या त्यांत तेल होते. पुढची कित्येक वर्षे बाहेरचे तेल आणण्याचा मक्ता सरकारकडे राहिला, आणि ते शिधापत्रिकेवर, रांगेत उभे राहून, मोजूनमापून मिळे. १९८६ साली तेलबियांचे राष्ट्रीय तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. आयातीवरचा बंदोबस्त कायम राहिला, शेतकऱ्याच्या पदरी बरा भाव पडू लागला, आणि पुढच्या दशकाच्या आरंभी देश आपल्या गरजेचे जवळजवळ सगळे तेल स्वतः पिकवू लागला. पराक्रम खराच, मात्र त्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या खाती पडत होता, कारण जगाच्या बाजारात जे तेल स्वस्त होते ते घेण्याची त्याला मुभा नव्हती.

१९९४ साली पामोलिनची आयात ६५ टक्के जकातीवर खुली झाली, दुसऱ्या वर्षी इतर खाद्यतेलांनाही दार उघडले, आणि १९९८ पर्यंत जकात १५ टक्क्यांवर उतरली. आज आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल, वर्षाला सुमारे दीडशे लाख टन, बाहेरून येते: इंडोनेशिया आणि मलेशियातून पाम, अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून सोयाबीन, रशिया आणि युक्रेनमधून सूर्यफूल. याचा लाभ नाकारणे म्हणजे कृतघ्नपणा होईल. ज्या घरातले पोर पूर्वी रिकामी बाटली घेऊन पावशेर तेल आणायला दुकानात धाडले जाई, आणि आई त्या पावशेरात आठवडा काढी, त्या घरात आज पिशव्यांवर पिशव्या येतात. माणशी तेलाचा खप या तीस वर्षांत दुपटीच्या पुढे गेला आहे. वडापावची गाडी, फरसाणची भट्टी, घरगुती फराळाचे डबे विकणाऱ्या बायका, या साऱ्यांचा धंदा त्या स्वस्ताईच्या कढईत तळला जातो. वैद्यमंडळी आता तेल कमी खा म्हणून मागे लागली आहेत, पण ती सुखवस्तूपणाची तक्रार.

तोट्याची बाजू शोधायला मात्र गाव सोडून शिवारात जावे लागते. सोलापूरकडे आणि मराठवाड्यात रब्बीत करडई ठरलेली. तिचे तेल घाण्यावर गाळून घरोघर वापरले जाई. करडईचे क्षेत्र आता इतके आटले आहे की पिवळ्या-केशरी फुलांचे ते रान पाहायला वाट वाकडी करावी लागते. याचा सगळा दोष परदेशी तेलावर टाकणे अन्यायाचे होईल. करडई काटेरी, काढणीला हातापायांना चिंध्या गुंडाळून उतरावे लागते, आणि या कामाला मजूर वाढीव मजुरी देऊनही राजी होत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले खरे, पण काटे जाईपर्यंत भाव गेला होता. जिल्ह्याच्या ठिकाणच्या तेलगिरण्या, त्यांतले भट्टीवाले आणि पेंडीची पोती उचलणारे हमाल यांचे काम ओसरले. कारण जहाजातून उतरलेले कच्चे तेल शुद्ध करण्याचे मोठाले कारखाने बंदरांच्या आश्रयाने उभे राहिले, आणि रोजगार देशात राहूनही किनाऱ्याला गेला.

दुसऱ्या टोकाचा मजूर तर आपल्या हिशेबातच येत नाही. पामफळाचा घड वीस-पंचवीस किलोंपर्यंत भरतो. लांब दांड्याला बांधलेल्या कोयत्याने तो उंचावरून तोडायचा, खाली कोसळताना अंग चुकवायचे, आणि मग गाडीपर्यंत वाहायचा. मलेशियात हे काम बहुतांशी इंडोनेशिया, बांगलादेश आणि नेपाळमधून आलेली माणसे करतात. २०२० साली अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने तेथील दोन बड्या मळेवाल्या कंपन्यांचे तेल सक्तमजुरीच्या संशयावरून अडवले, तेव्हा पिशवीच्या स्वस्ताईत कोणाकोणाच्या घामाची वजावट आहे, याचा अंदाज आला.

आता सोयाबीन; कारण जागतिकीकरणाने मराठी शेतकऱ्याला काय दिले आणि काय नेले, याचा सर्वांत बोलका दाखला तेच आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात ज्वारी, मूग, उडीद यांना बाजूला सारून हे पीक पसरले, ते तेलासाठी कमी आणि पेंडीसाठी अधिक. दाण्यात तेल असते जेमतेम १८ टक्के. उरलेल्या पेंडीवर कोंबड्या पोसतात, देशातल्या आणि परदेशातल्याही, आणि तिच्या निर्यातीमुळेच सोयाबीनला पहिली चार बरी वर्षे लाभली. म्हणजे परक्या बाजाराने दिले, हे आधी नमूद केले पाहिजे. परंतु तेलाचा भाव क्वालालंपूरला, दाण्याचा शिकागोला आणि जकातीचा दर दिल्लीला ठरत असल्यामुळे लातूरच्या शेतकऱ्याने काय पेरावे एवढेच त्याच्या हाती उरले. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांपर्यंत चढले. कोंबडीवाल्यांची ओरड झाली, ऑगस्टमध्ये १२ लाख टन पेंड आयात करण्याची मुभा मिळाली, नवे पीक आले, भाव कोसळला, आणि त्याच डिसेंबरात सोयाबीनसह सात शेतमालांच्या वायदेव्यवहारावर बंदी आली. पुढच्याच वर्षी युक्रेनचे युद्ध पेटले, इंडोनेशियाने एप्रिलअखेर पामतेलाची निर्यात थांबवली, आणि ती बंदी उठेपर्यंतच्या साडेतीन आठवड्यांत किराणा दुकानदारांनाही नकाशा पाठ झाला.

माझ्या मते या सगळ्यात उणे आहे ते जकातीच्या हत्यारात. सप्टेंबर २०२४ मध्ये, सोयाबीनची काढणी तोंडावर असताना, कच्च्या तेलावरचे मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेण्यात आले; हेतू शेतकऱ्याला भाव मिळावा हाच होता. तेल चार-आठ दिवसांत कडाडले आणि ऐन सणात गृहिणींना झळ लागली. सोयाबीन मात्र ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच रखडले, कारण पेंडीला उठाव नव्हता: दक्षिण अमेरिकेत पीक उदंड, आणि देशात मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पेंडीच्या जागी स्वस्तात मिळू लागलेला. सरकारी खरेदीकेंद्रे होती, पण माल ओला म्हणून पोती परत जात. नोव्हेंबरात ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेली, तोवर गरजवंतांचा माल विकून झाला होता. मे २०२५ मध्ये तेच शुल्क १० टक्क्यांवर आले. जकातीची वाढ स्वयंपाकघरात विनाविलंब पोहोचते आणि बांधावर पोहोचतच नाही, असा जर अनुभव असेल, तर जकात चढवावी की उतरवावी हा वाद घालण्याआधी ती दरसाल अशी वरखाली करावी का, हे विचारले पाहिजे.

त्या २०२४ च्या दिवाळीआधी दोन दिवस मी मराठवाड्यातल्या एका मोंढ्यात माझ्या भाच्याच्या दुकानी बसलो होतो. समोर सोयाबीनचा ढीग. खरेदीदाराने चार दाणे तोंडात टाकले, दाताखाली दाबले, ‘ओल हाय’ म्हणून थुंकले आणि ४,१०० ची बोली केली. पन्नाशीच्या त्या शेतकऱ्याने हमाली-तोलाई वजा झालेली पट्टी दोनदा वाचली, नोटा बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि तो दुकानात येऊन तेलाच्या डब्याचा भाव विचारू लागला.

“तेल लई चढलं म्हनता, मंग सोयाबीन का चढंना?”

“तेलाचं बंदरावर ठरतं, मामा. तुमचं तिथं कोन इचारतंय?” भाचा वहीतून मान वर न करता म्हणाला.

शेतकऱ्याने पंधरा किलोंचा डबा एका हाताने थोडा उचलून पाहिला, पुन्हा जागेवर ठेवला, आणि पामतेलाच्या चार पिशव्या मागितल्या.