गावचा जुना नकाशा वाचायला शिकूया

गावाचा इतिहास कुठं सापडतो, असं वर्गात विचारलं की मुलं जवळच्या किल्ल्याचं नाव सांगतात, नाहीतर मोबाइलमध्ये बघू म्हणतात. पण आपल्या गावाचा बराचसा इतिहास तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात पडून असतो. तो म्हणजे गावनकाशा. अर्ज करून, फी भरून त्याची नक्कल मागता येते.

नकाशे कशासाठी काढले?

मुंबई इलाख्यात १८३०च्या दशकात इंदापूर भागातून नव्या पद्धतीची महसुली मोजणी सुरू झाली. पुढे निजामाच्या राज्यातही, म्हणजे आपल्या मराठवाड्यात, सालारजंग पहिले यांच्या काळात हे काम हाती घेतलं गेलं. मोजणी ३३ फुटांच्या साखळीनं व्हायची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. आजही आपण तोच गुंठा बोलतो.

हेतू होता साऱ्याचा. त्यामुळे शेताचा बांध न् बांध नकाशात येतो, पण गावठाणातली घरं, गल्ल्या येत नाहीत. म्हणून नकाशात एखादी गोष्ट नाही, याचा अर्थ ती गावात नव्हती, असा काढायचा नाही.

काय बघायचं?

आधी उत्तर दिशा, प्रमाण आणि चिन्हांची सूची बघा. मग ओढे, विहिरी आणि पायवाटा. गावठाणातून निघालेली प्रत्येक वाट कुठं जाते? एक बाजाराच्या गावाला, एक पाणवठ्याला, एक कब्रस्तानाला, एक स्मशानाला. या वाटांवरून जुनं गाव कसं जगत होतं ते कळतं.

काही ठिकाणी स्वतःची शीव आणि स्वतःचे सर्व्हे नंबर असलेलं गाव दिसतं, पण तिथं वस्ती नसते. दप्तरात त्याला ‘बेचिराग’ म्हणतात. फारसीत चिराग म्हणजे दिवा. जिथं दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. आपल्या मराठीतलं ‘बेचिराख’ ते हेच. अशा जागी जाऊन बघा. पडकी विहीर, एखादा मारुती, एखादी मजार सापडू शकते. गाव कशानं उठलं, दुष्काळानं की रोगराईनं, हे मग शेजारच्या गावातल्या बुजुर्गांना विचारायचं.

नंबर जुळवताना

जुन्या नकाशात सर्व्हे नंबर असतात, आजच्या सातबाऱ्यावर बहुतेक ठिकाणी गट नंबर. १९४७च्या कायद्यानं जमिनींचं एकत्रीकरण झालं, तेव्हा हे नंबर बदलले. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला, ते एकत्रीकरणाच्या जबाबातून कळतं. तो कागद नसेल तर जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवून ओढ्याच्या वळणावरून जागा ओळखावी लागते.

मराठवाड्यात आणखी एक अडचण आहे. १९४८ पूर्वीची बरीच कागदपत्रं उर्दूत आहेत. काझी, खतीब, मुजावर यांच्या इनामाचे मुंतखब घराघरांतल्या पेट्यांत आहेत, पण नातवंडांना ते वाचता येत नाहीत. घसट अक्षरातलं उर्दू वाचणारी माणसं आता थोडीच उरलीत. ती आहेत तोवर कागद वाचून घ्या, मराठीत उतरवून ठेवा. मूळ कागद मात्र लॅमिनेट करू नका. फोटो काढा आणि सुती कापडात ठेवा.

पाण्याखालची गावं

गावनकाशा मिळेपर्यंत घरबसल्याही सुरुवात करता येते. अमेरिकी लष्करानं १९५०च्या दशकात छापायला घेतलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. प्रमाण १:२,५०,०००, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. त्यात पैठणजवळ गोदावरी दिसते, पण नाथसागर दिसत नाही, कारण जायकवाडीचं काम १९६५ साली सुरू झालं. तोच भाग आजच्या उपग्रह चित्रात बघा. पाण्याखाली काय गेलं ते मुलांना न सांगता कळतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा

नकाशा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. कब्रस्तानाची जागा किंवा ईदगाहची वाट नकाशात दिसली, तर तेवढ्यावर भांडायला निघू नये. नकाशासोबत सातबारा, फेरफार आणि इनामाची नोंद ताडून बघावी, मोजणीचा अर्ज करावा, जाणकार वकिलाला विचारावं. आणि कागदानं आपल्या समजुतीच्या उलट सांगितलं, तर तेही मान्य करावं.

हे काम एकट्यानं करण्यापेक्षा चौघांनी मिळून करावं. आठवी-नववीची पाच मुलं, एक नकाशाची प्रत आणि सोबत गावातले दोन बुजुर्ग, एक पाटलांच्या घरचे, एक मुजावरांच्या घरचे. सगळ्यांनी शिवार फिरायचं आणि प्रत्येक वावराचं बोलीतलं नाव प्रतीवर लिहायचं. ‘पीराचं वावर’, ‘काझीचा मळा’ अशी नावं सरकारी नकाशात क्वचितच मिळतात. ती बुजुर्गांच्या तोंडीच आहेत. त्यांच्यासोबत ती जाऊ द्यायची नसतील, तर येत्या सुट्टीतच कामाला लागायला हवं.