गृहपालाच्या खोलीतून सुरू होणारी वाट

पदवीनंतरच्या वाटा : लेखांक ९

देवरी तालुक्यातून गोंदियाला शिकायला आलेल्या मुलीला वसतिगृहात जागा मिळाली का? महाडीबीटीवरचा तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकून पडला आहे का? धान कापणीच्या दिवसांत ती पंधरा दिवस वर्गात दिसली नाही, तर कुणी चौकशी केली का? वर्गात शिकवण्याइतकीच ही कामंही मुलांना पदवीपर्यंत नेतात. आपल्याकडे ती गृहपाल, राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) कार्यक्रम अधिकारी आणि कार्यालयातले एखादे समजूतदार बाबू वाटून घेतात. अमेरिकेत मात्र या कामाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आहे.

ही कल्पना तिकडे शंभर वर्षांहून जुनी. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, त्याच्याशी संलग्न टीचर्स कॉलेजमध्ये त्याच दशकात विद्यार्थिनींच्या अधिष्ठात्यांसाठी खास प्रशिक्षण सुरू झालं. आज ओहायोतल्या बोलिंग ग्रीनसारखी अनेक विद्यापीठं ही दोन वर्षांची पदवी देतात. प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची पदवी, गुणपत्रकं, हेतुपत्र, बहुतेक ठिकाणी दोन-तीन शिफारसपत्रं आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची परीक्षा लागते. जीआरई या प्रवेशपरीक्षेची अट बऱ्याच ठिकाणी उठली आहे. अनेक विद्यार्थी आठवड्याला सुमारे वीस तास विद्यापीठातच वसतिगृहात किंवा सल्ला केंद्रात काम करतात आणि त्या बदल्यात शुल्कात सवलत व मानधन मिळवतात. त्यासाठीची मुलाखत वेगळी होते. तिथे गुणांपेक्षा आधी काय काम केलं, हे जास्त विचारलं जातं.

एक अडचण आधीच ओळखून ठेवावी. आपली तीन वर्षांची बी.ए. किंवा बी.कॉम. काही अमेरिकन विद्यापीठं पुरेशी मानत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची ऑनर्स पदवी इथे उपयोगी पडू शकते. चौथं वर्ष करायचं की नाही, हे ठरवताना हा मुद्दा जमेस धरायलाच हवा.

पण गोंदियातल्या बहुतेकांची वाट नागपूरकडे जाते, आणि ती समाजकार्याच्या पदवीची, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.ची आहे. विद्यार्थी कल्याण या नावाची पदवी इथे सहसा मिळत नसली तरी तिच्या सर्वांत जवळची हीच. चार सत्रं, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला दार उघडं, आणि वर्गाच्या बरोबरीने क्षेत्रकार्य. हे क्षेत्रकार्य शाळेत, वसतिगृहात, समुपदेशन केंद्रात करता येतं. नागपूरला मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आहे, तिरपुडे महाविद्यालय आहे. सकाळच्या गाडीने निघालेला मुलगा दुपारी चौकशी करून रात्री गोंदियाला परतू शकतो, हे घरच्यांना पटवताना फार कामाचं ठरतं.

या पदवीचा धागा थेट आपल्या जिल्ह्यातल्या नोकरीशी जुळतो. देवरीला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे आणि त्याच्या अखत्यारीत मुलामुलींची वसतिगृहं चालतात. त्या विभागाच्या भरतीत गृहपालपदासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी ग्राह्य धरली जाते. शिवाय जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, आणि त्याने किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेलं हवं. सालेकसा, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी इथली महाविद्यालयं डोळ्यांसमोर आणली, की ही माणसं किती लागणार याचा अंदाज येतो. ती बाहेरून येण्यापेक्षा इथली, इथली बोली जाणणारी असतील तर मुलं त्यांच्यापाशी मन मोकळं करतील.

मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था हा आणखी मोठा पल्ला. १९३६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत अलीकडच्या वर्षांत पदव्युत्तर प्रवेशासाठी आधी सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागली आहे. बहुपर्यायी प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक गुण वजा. भाषेच्या विषयांचे पेपर सोडले तर ही परीक्षा इंग्रजी-हिंदीत होते, मराठीत नाही. मराठी माध्यमातल्या मुलांवरचा हा अन्याय खराच. पण गोंदियाचं पोर हिंदी ऐकत-बोलतच मोठं होतं. परिभाषा तेवढी हिंदीतून वाचून ठेवली तर ते अंगवळणी पडतं.

कागदांचं तेवढं आधी बघावं. केंद्रीय संस्थेत ओबीसी जागेसाठी केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, राज्याच्या प्रमाणपत्रावर काम भागत नाही, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्यातल्या राखीव जागांसाठी जातपडताळणी व नॉन-क्रिमिलेअरची कामं निकालाच्या आधीच मार्गी लावावीत.

खरी उणीव मात्र वेगळ्याच कागदाची असते. रासेयोमध्ये दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर, एवढं कितीतरी मुलं करतात. कुणी शिबिरात स्वयंपाकाचा हिशेब सांभाळतो, कुणी वसतिगृहात नव्या मुलांचे फॉर्म भरून देतं, कुणी घाबरलेल्या मैत्रिणीला परीक्षेला घेऊन जाते. मुलाखतीत हेच विचारलं जातं, आणि मुलं म्हणतात, ‘सर, मी काही विशेष केलं नाही.’ प्रमाणपत्रावर फक्त नाव आणि वर्ष असतं. नेमकं काय काम केलं, याची नोंद कुठेच नसते.

म्हणून शिबिर संपलं की त्याच आठवड्यात कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे जावं. कोणत्या गावी, किती दिवस, कोणती जबाबदारी, हे चार ओळींत त्यांच्या सहीशिक्क्याने लिहून घ्यावं. वसतिगृहातल्या कामाचं तसंच पत्र गृहपालांकडून घ्यावं. त्यांची बदली झाली की तेच पत्र मिळवायला दोन वर्षांनी तीन कार्यालयं फिरावी लागतात.

पुढील लेखांकात : हेतुपत्राचा पहिला परिच्छेद.