गाडीवर चिकट, झाडावर संकट!

फेब्रुवारीतली शनिवारची सकाळ. मस्त उशिरा उठून, चहाचा मग हातात घेऊन व्हॉट्सअॅप उघडलं, तर सोसायटीच्या ग्रुपवर युद्ध पेटलेलं. ‘माझ्या गाडीची काच बघा!’ ‘काल धुतली, आज परत चिकट!’ ‘दर वर्षी हेच!’ आणि शेवटी सेक्रेटरीकाकांचा मेसेज : उद्या अकरा वाजता मीटिंग. विषय एकच. पार्किंगमधलं आंब्याचं झाड तोडणे.

हे झाड आमच्या बिल्डिंगपेक्षा जुनं. इथला बंगला पाडून बिल्डिंग उभी राहिली, झाड मात्र राहिलं. मी इथे भाडेकरू, त्यामुळे मीटिंगमध्ये मला मत नाही. पण झाडाची एक फांदी थेट माझ्या खिडकीशी येते. वर्क फ्रॉम होमच्या दिवसांत तीच माझी डेस्कमेट. ती जाणार म्हटल्यावर पोटात गोळा आला. आणि त्याहून जास्त लागलं ते कारण. झाडाला झालंय काय, हे कुणी बघितलंच नव्हतं.

आधी माझा गुन्हा

खरं सांगायचं तर मलाही बोलायचा हक्क नव्हता. गेल्या वर्षी माझ्या बाल्कनीतल्या जास्वंदीवर कापसासारखं पांढरं काहीतरी दिसलं. ऑफिसला उशीर होत होता. हाताशी झुरळांचा स्प्रे होता, तोच फवारला. संध्याकाळी येऊन पाहते तर पानं करपलेली. आठवड्याभरात झाड गेलं. ते पांढरं काहीतरी मात्र शेजारच्या कुंडीत मजेत होतं!

त्या वेळी समोरच्या बंगल्यातल्या माळीकाकांनी डोक्याला हात लावला होता. ‘ताई, ताप कसला आहे ते न बघता गोळी घेता का तुम्ही?’ ‘घेते की,’ मी म्हटलं. ते हसले नाहीत.

मग त्यांनी मला जो फंडा शिकवला, तो आज तुमच्यासाठी.

पान उलटा, बॉस!

आपण झाड वरून बघतो आणि किडी राहतात पानाच्या खाली. मावा, पांढरी माशी, लाल कोळी, सगळ्यांचा मुक्काम तिथेच. म्हणून पहिली पायरी, पान उलटायचं. दुसरी, नवा कोंब आणि पान जिथे फांदीला जोडलेलं असतं ती बेचकी बघायची. तिसरी, मुंग्यांचा माग काढायचा. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली असेल, तर त्या तुमच्या झाडावर उगाच आलेल्या नाहीत. मावा आणि पिठ्या ढेकूण रस शोषून गोड, चिकट पाणी सोडतात. मुंग्या त्यासाठी येतात आणि बदल्यात या किडींना त्यांच्या शत्रूंपासून वाचवतात. चक्क प्रोटेक्शन मनी!

त्याच चिकटपणावर पुढे काळी बुरशी वाढते. आपण काजळी पुसत बसतो आणि खरा गुन्हेगार वरच्या पानाखाली आरामात.

ओळखा पाहू!

• कापसाचे पुंजके : पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. जास्वंदीचा जुना वैरी.
• कोवळ्या शेंड्यावर हिरव्या-काळ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या किडी, पानं आकसलेली : मावा.
• पानावर बारीक फिकट ठिपके, खाली नाजूक जाळी : लाल कोळी. कोरड्या, गरम हवेत जास्त.
• पानावर टाल्कम पावडर सांडल्यासारखं : भुरी. ही कीड नाही, बुरशी आहे.
• लिंबाच्या पानात चंदेरी नागमोडी रेघा : नागअळी. ती पानाच्या आतच राहते, त्यामुळे वरून धुऊन उपयोग नाही. पान तोडा.
• माती ओली, तरी झाड मलूल आणि पानं पिवळी : बहुतेक वेळा कीड नाहीच. पाणी जास्त झालंय, मुळं कुजतायत. औषध नको, पाणी थांबवा.
• लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसणारी अळी : थांबा! हे लिंबावरच्या फुलपाखराचं बाळ आहे. झाड मोठं असेल तर चार पानं खाऊ द्या. रोप अगदीच लहान असेल, तर अळी उचलून मोठ्या झाडावर ठेवा.

वीकेण्डचा फर्स्ट एड

सगळ्यात आधी आजारी कुंडी बाजूला करा. एका पिठ्या ढेकणामुळे अख्खी बाल्कनी जाते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय. मग जास्त खराब झालेले शेंडे कात्रीने कापा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका आणि कात्री पुसून ठेवा.

मावा आणि लाल कोळ्यासाठी पहिलं औषध फुकटचं आहे : पाण्याचा जोरदार फवारा, पानाखालून. पिठ्या ढेकणाला हे पुरत नाही, कारण त्याच्या अंगावर मेणाचा रेनकोट असतो. तिथे पातळ सॅनिटायझरमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक पुंजका टिपून काढा. कंटाळवाणं आहे, पण कानाला हेडफोन लावले की होतं.

त्यानंतर कडुलिंबाचं तेल. एक लिटर पाण्यात ५ मिलि तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून लिक्विड सोपचे काही थेंब. आधी एका पानावर मारून एक दिवस थांबा. पान ठीक राहिलं तर संध्याकाळी, ऊन गेल्यावर, सगळ्या झाडावर. दर ७ ते १० दिवसांनी, असं तीनदा. एकदा मारून सोडलं तर अंड्यांतून नवी पिढी बाहेर येते आणि आपण म्हणतो, ‘नीमचा काही उपयोग नाही!’

आणि ढालकिडा, म्हणजे लाल अंगावर काळे ठिपके असलेला लेडीबर्ड दिसला, तर फवारणी थांबवा. तो आणि त्याच्या अळ्या मावा खातात. झाडाला मिळालेली ती फुकटची सिक्युरिटी आहे.

ही सिक्युरिटी किती कामाची असते बघा. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला भारतात पहिल्यांदा सापडला. पपईबरोबर जास्वंद, तुती अशा कितीतरी झाडांवर तो पसरला, औषधांना दाद देईना. शेवटी २०१० मध्ये त्याचा नैसर्गिक शत्रू असलेली एक अतिशय लहान गांधीलमाशी पोर्टो रिकोहून भारतात आणून सोडली. तिने हे संकट आटोक्यात आणलं. उलट मुंबईत त्यानंतरच्या दशकात रस्त्याकडेचे भलेमोठे पर्जन्यवृक्ष मोठ्या संख्येने वाळत गेले, आणि त्यांच्यावरही पिठ्या ढेकूणच सापडत होता. म्हणजे कीड इवलीशी असली, तरी वेळीच न बघितलं तर काय होतं, हे आपल्याच रस्त्यांवर दिसलंय.

आणि ते आंब्याचं झाड?

रविवारी दहा वाजता मी माळीकाकांना खेचून पार्किंगमध्ये आणलं. त्यांनी खालची एक मोहोराची डहाळी हलवली. पाचरीसारखे बारीक, करडे किडे टुणकन उडाले. ‘तुडतुडे,’ ते म्हणाले. ‘मोहोरातला रस पितात. चिकट पडतंय ते यांचं. मोहोर संपला की हे पण कमी होतं.’

म्हणजे झाड गळत नव्हतंच!

पण काका तिथेच थांबले नाहीत. बुंध्याला चक्कर मारून ते खाली बसले. सालीतल्या एका भोकाखाली लाकडाचा भुसा पडला होता. बरोबर त्याच्या वरची फांदी वाळत चालली होती. ‘हे खरं दुखणं. भिरूड.’ एका मोठ्या भुंग्याची अळी सालीतून आत शिरते आणि महिनोन्‌महिने लाकूड पोखरत राहते. गाड्यांच्या काचा पुसण्याच्या नादात झाडाखाली रोज पडणारा भुसा कुणाला दिसलाच नव्हता. वर बुंध्याला अगदी चिकटून सिमेंट ओतलेलं. पाणी आणि हवा मुळांपर्यंत जाणार कुठून?

मीटिंगमध्ये मी मोबाइलवरचे फोटो दाखवले. सेक्रेटरीकाका चष्मा वर करून म्हणाले, ‘अगं, मग औषध मारून टाकू. माझ्याकडे जुनी बाटली आहे.’ बाटलीवर नाव होतं डायक्लोरव्हॉस. हे कीटकनाशक भारतात २०२० च्या अखेरीपासून बंद आहे, हे सांगितल्यावर काकांनी बाटली गुपचूप पिशवीत घातली. अजून एक गोष्ट त्यांना सांगावी लागली. महाराष्ट्रात शहरातलं झाड तोडायला, अगदी आपल्या आवारातलं असलं तरी, १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

मतदान झालं. झाड वाचलं, पण फक्त दोन मतांनी.

पुढे जाणकार माणसाने तारेने भोक साफ करून अंगठ्याएवढी जाड अळी बाहेर काढली, पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा आत घालून भोक चिखलाने बंद केलं. वाळलेली फांदी रीतसर परवानगी काढून कापली. बुंध्याभोवतीचं सिमेंट मीटरभर फोडलं. (दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवती एवढीच जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं.) आणि मोहोराचे दोन महिने गाड्यांवर कव्हर. एवढंच.

कापलेली फांदी नेमकी माझ्या खिडकीशी येणारी होती. वाईट वाटलं. पण झाड आहे. पावसाळ्यात बुंध्यावर नवी पालवी दिसली, तेव्हा पहिला फोटो सेक्रेटरीकाकांनीच टाकला.

हल्ली आमच्या ग्रुपवर गाडीच्या काचांचे फोटो येत नाहीत. तुळशीचे, लिंबाचे, मोगऱ्याचे येतात आणि मला टॅग केलं जातं. माझं पहिलं उत्तर ठरलेलं : ‘पान उलटून परत फोटो पाठवा.’