गाडी ओढत नाही : दोष इंजिनचा की क्लचचा?

आज पापड-मसाल्याचा विषय नाही. तो माल बाजारात नेणाऱ्या गाडीचा आहे.

आमच्या गटाने एक जुनी डिझेल गाडी घेतली. पाटणहून चिपळूणला माल न्यायचा आणि संध्याकाळी परत यायचं. काही महिन्यांनी येताना कुंभार्ली घाटात गाडी चढेना. आवाज मोठा, वेग मात्र बैलगाडीचा, वर जळका वास. गॅरेजवाले दादा नुसतं ऐकूनच म्हणाले, "इंजिन गेलं, खोलावं लागेल." खर्च पाच आकडी होता. गटाच्या खात्यात तेवढे पैसे होते, पण ते एका ताईच्या मुलीच्या फीसाठी कर्ज म्हणून द्यायचे ठरले होते. म्हणून आम्ही दोन दिवस थांबलो, दुसऱ्या जाणत्या मिस्त्रींना विचारलं आणि त्यांच्याकडून जे शिकलो, तेच आज सांगतो.

क्लचचं काम काय? इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे आणि तिथून चाकांकडे पोहोचवायची आणि गिअर बदलताना ती घटकाभर तोडायची. पिठाच्या गिरणीचा पट्टा आठवा. पट्टा ढिला झाला की मोटार जोरात फिरते, पण जातं फिरत नाही. क्लच घसरतो तेव्हा नेमकं असंच होतं.

म्हणून पहिली गोष्ट कानाने ओळखायची. मोकळ्या चढावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग वाढला नाही, तर संशय क्लचवर. आवाजच चढत नसेल, इंजिन दबल्यासारखं, अडखळत चालत असेल, तर दोष इंजिनकडे, म्हणजे डिझेल किंवा हवा नीट न मिळण्याकडे असू शकतो.

दुसरी परीक्षा उभ्या गाडीवर. जागा सपाट हवी, पुढे-मागे कुणी नको. हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेकही दाबून ठेवा. चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन धक्का देऊन बंद पडलं तर क्लच बऱ्यापैकी धरतोय. इंजिन चालूच राहिलं तर तो घसरतोय. लगेच क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा. ही परीक्षा एकदाच करायची. पुन्हा पुन्हा केली तर प्लेट तापून आणखी झिजते.

तिसरी खूण धुराची. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. आधी एअर फिल्टर बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. सकाळी थंड गाडीने थोडा पांढरा धूर सोडला तर घाबरू नका, पण गरम झाल्यावरही तो थांबत नसेल तर दाखवा. धूर नाही, पण चढावर दम जातो, असं असेल तर डिझेल फिल्टर तुंबलेला असू शकतो. फिल्टर बदलणं हे इंजिन खोलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. तेव्हा सुरुवात तिथून करा.

क्लच घसरतोय हे पक्कं झालं तरी लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. केबलच्या क्लचला पेडलवर थोडी मोकळी चाल लागते. ती अजिबात नसेल तर क्लच पूर्ण बसतच नाही. नुसती केबल जुळवूनही कधी कधी काम भागतं. आमचं त्याने पंधरा दिवस भागलं, मग पुन्हा तोच वास. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा प्लेट रिबेटपर्यंत झिजलेली दिसली. इंजिनला हातही लावावा लागला नाही.

गिअरबॉक्स एकदा उतरला की प्लेटबरोबर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही तपासून घ्या. प्लेट तेलकट असेल तर तेल कुठल्या सीलमधून येतंय ते आधी शोधा. नाहीतर नवी प्लेटही तशीच घसरेल आणि उतरवण्याची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागेल. जुने भाग मागून घ्या, डोळ्यांनी बघा.

आमची प्लेट इतकी का झिजली? चूक आमचीच. गाडी चालवणाऱ्या ताईंचा पाय सतत क्लचवर टेकलेला असायचा आणि चढावर थांबलं की अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय. आता चढावर हँडब्रेक लावतो आणि गिअर पडला की पाय बाजूला.

त्या ताईच्या मुलीची फी वेळेवर भरली गेली. क्लचचा खर्च गाडीच्या भाड्यातून फिटतोय. मैत्रिणींनो, गटाची वही आपण दोनदा तपासतो, तशी गाडीही तपासू या. कुणी "इंजिन गेलं" म्हणालं, की शांतपणे एवढंच विचारा, "दादा, क्लच बघितला का?"