एकच गोळी, दोन परिणाम

मसुऱ्यासारख्या दमट हवेच्या गावात कपड्यांच्या पेटीत डांबरगोळ्या टाकतात. पेटीतली दुपटी न धुता नव्या बाळाला गुंडाळली, तर एखाद्या बाळाला जोराची कावीळ होते, दुसऱ्याला काहीच होत नाही. असे का?

याचे उत्तर हिवतापाच्या औषधाने दिले. व्हायव्हॅक्स हिवतापाचे काही जंतू यकृतात दडून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांच्यावर प्रायमाक्विन देतात. पण काहींच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटत. या पेशींत ‘जी-६-पीडी’ हे विकर कमी असते, असे अमेरिकेत कार्सन आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली दाखवले.

यकृत बाहेरून आलेल्या पदार्थांवर रासायनिक क्रिया करते. प्रायमाक्विन किंवा डांबरगोळीतील नॅफ्थॅलीन यांपासून तेथे तयार होणारी काही द्रव्ये तांबड्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा मारा करतात. हा मारा परतवणारे ग्लुटाथायोन सज्ज ठेवण्याचे काम जी-६-पीडीमुळे चालते. विकर अपुरे असले की पेशी फुटतात, लघवी काळपट होते, डोळे पिवळे दिसतात. म्हणजे कावीळ आहे, पण यकृत निरोगी आहे!

या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एकच एक्स मिळतो, म्हणून दोष मुलांत अधिक दिसतो. आई बहुधा निरोगी वाहक असते. हा दोष आपल्याकडेही आहे. १९८४ साली एका कोळी कुटुंबात सापडलेल्या प्रकाराला ‘जी-६-पीडी कल्याण’ हे नाव मिळाले. केरळमधला प्रकारही तोच निघाल्याने आज त्याला ‘केरळ-कल्याण’ म्हणतात.

मग प्रायमाक्विन टाळावे का? नाही. चौदा दिवसांचा क्रम अर्धवट सोडला, तर ताप उलटू शकतो. मात्र घरात कोणाला औषधानंतर अशी कावीळ झाली असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. रक्ततपासणीने दोष कळतो. अशा रुग्णाला देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, आठ आठवडे औषध देता येते. गोळ्या चालू असताना लघवी काळपट झाली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आनुवंशिकता शिकवताना शिक्षकांनी हे उदाहरण जरूर घ्यावे. ते वर्गातून घरी पोचले, तर एखादे बाळ वाचेल.