वाढती जाळी आणि त्यांतील गुच्छ

विमानमार्ग, माणसांच्या ओळखी, बँकांमधील देणीघेणी या साऱ्यांत एक साम्य आहे. ही सर्व जाळी आहेत. जाळ्यात बिंदू असतात आणि त्यांना जोडणारे दुवे असतात. अशी जाळी सहसा कोणी आखून देत नाही. ती हळूहळू वाढत जातात. त्या वाढीचे नियम गणिताने मांडता येतात.

१९९९ साली बाराबाशी व आल्बर्ट या संशोधकांनी एक साधा नियम सुचविला : नवा बिंदू बहुधा अशाच बिंदूशी जोडला जातो, ज्याला आधीच पुष्कळ दुवे आहेत. आपल्याकडे म्हणतात, पैशाकडे पैसा जातो. तसेच दुव्यांकडे दुवे जातात. परिणामी मोजक्या बिंदूंकडे असंख्य दुवे एकवटतात आणि बाकीच्यांच्या वाट्याला थोडेच येतात.

परंतु प्रत्यक्षातील जाळ्यांत गुच्छही आढळतात. समजा, आपले ४ मित्र आहेत. त्यांच्या आपसांत ६ जोड्या संभवतात. त्यांपैकी ३ जोड्यांची परस्परांशी ओळख असेल, तर गुच्छ-गुणांक ०.५ होतो. ही मोजणी वॉट्स व स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ मध्ये मांडली. बाराबाशींच्या नियमाने वाढलेल्या जाळ्यात मात्र हा गुणांक फारच कमी राहतो. ही उणीव होल्मे व किम यांनी २००२ मध्ये भरून काढली. नवा बिंदू एकाशी जोडला गेल्यावर कधीकधी त्याच्या शेजाऱ्याशीही जोडला जातो, एवढीच भर त्यांनी घातली. त्यामुळे त्रिकोण पुरा होतो आणि गुच्छ वाढतात.

बँकिंगशी याचा संबंध निकटचा आहे. अशा जाळ्यातील एखादा सामान्य बिंदू निखळला तरी फारसे बिघडत नाही. प्रमुख बिंदू निखळला, तर सारे जाळे विस्कळीत होऊ शकते. शिवाय गुच्छात एकाची अडचण दुसऱ्यापर्यंत अनेक वाटांनी पोहोचते. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटानंतर नियामकांनी या परस्परसंबंधांकडे अधिक लक्ष दिले. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये अशा महत्त्वाच्या बँका निवडण्याची चौकट आखली. निवडीच्या निकषांत आकारमानाबरोबर परस्परसंबंधही मोजला जातो. २०१५ मध्ये भारतीय स्टेट बँक व आयसीआयसीआय बँक, तर २०१७ मध्ये एचडीएफसी बँक या यादीत आली. या बँकांना अधिक भांडवल राखावे लागते. जाळ्यात ज्याचे स्थान मोठे, त्याची जबाबदारीही मोठी, हेच त्यामागील तत्त्व होय.